गस्तीची गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते: करंट कुठे मुरतोय?

लक्षणं ठरलेली असतात. शुक्रवारी संध्याकाळी गाडी नीट बंद केलेली असते. सोमवारी किल्ली फिरवली की स्टार्टर नुसता कट-कट करतो आणि डॅशबोर्डचे दिवे विझायला येतात. केबल लावून एकदा चालू झाली की दिवसभर काही तक्रार नाही. मग नवी बॅटरी टाकली जाते, काही आठवडे बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. लाइटबार (छतावरची दिव्यांची पट्टी), सायरन, वायरलेस सेट, लॅपटॉपचा स्टँड, कॅमेरा असं सामान ज्या गाडीत आहे किंवा पूर्वी होतं, तिथे हा दोष फार दिसतो. पोलिसांच्या कामातून निवृत्त झालेल्या अमेरिकी फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया पोलिस इंटरसेप्टरमध्ये तर जास्तच. त्या मालिकेतली शेवटची गाडी कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतातल्या सेंट थॉमस कारखान्यातून सप्टेंबर २०११ मध्ये बाहेर पडली, म्हणजे आज रस्त्यावर असलेल्या त्यातल्या सगळ्यात नव्या गाडीचं वायरिंगही जुनं झालं आहे. नोकरीत सामान बसलं, लिलावाआधी ते उपटलं गेलं, नंतरच्या मालकाने पुन्हा बसवलं. तारा मात्र तिन्ही वेळच्या आत तशाच आहेत.

बहुतेक वेळा यात एकही उपकरण बिघडलेलं नसतं. ते चुकीच्या लाइनवर जोडलेलं असतं, किंवा काढून टाकलेल्या उपकरणाची जिवंत तार कुठेतरी टेकलेली असते. म्हणून सामान बदलत बसल्याने हा दोष जात नाही. मोजमाप करावंच लागतं, आणि ते एका दुपारी होतं.

आधी हिशेब

क्राउन व्हिक्टोरियाला ६५ नंबरच्या आकाराची बॅटरी बसते. तिची क्षमता ७२ अँपियर-तास धरू. स्टार्टर बॅटरी निम्म्याच्या खाली गेली की थंडीत व्ही-८ इंजिन फिरवायची तिची ताकद राहत नाही, म्हणजे आपल्या हातात ३६ अँपियर-तास आहेत. गाडी बंद असताना ५० मिलिअँपियर जात असतील तर हे ३६ संपायला ७२० तास लागतात, पुरा महिना. अर्धा अँपियर जात असेल तर ७२ तास. दीड अँपियर जात असेल तर दुसऱ्या दिवशी याच वेळेला गाडी उठणार नाही.

यावरून उलट अंदाजही बांधता येतो. एका रात्रीत बॅटरी बसत असेल तर अडीच-तीन अँपियर किंवा त्याहून जास्त शोधायचे आहेत: एखादा दिवा, अडकलेला रिले (छोट्या करंटने मोठं सर्किट चालू-बंद करणारा स्विच), झोपायला न गेलेला लॅपटॉप. तीन दिवस लागत असतील तर अर्ध्या अँपियरच्या आसपासचा चोर शोधा. त्यात वायरलेस सेटचा नंबर पहिला. दहा-पंधरा दिवस लागत असतील तर शंभर-दीडशे मिलिअँपियर, म्हणजे एकट्या रिलेच्या कॉइलइतकं काहीतरी.

नवी बॅटरी लवकर का जाते तेही यातच आहे. स्टार्टर बॅटरीच्या प्लेट पातळ असतात. ती वारंवार पूर्ण उतरली आणि तशीच पडून राहिली की प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता परत मिळत नाही. गळती न शोधता बदललेली बॅटरी आधीचीच शिक्षा भोगते.

बॅटरी वेगळी करून पाहा

बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा, ऋण टर्मिनल सोडा आणि बारा तास तशीच ठेवा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसले पाहिजेत, एजीएमला (काचेच्या धाग्यांच्या थरात ॲसिड शोषलेली बंद बॅटरी) १२.८ च्या वर. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. आता तार न जोडता आणखी दोन दिवस ठेवा. आकडा जागेवर राहिला तर बॅटरी ठीक आहे आणि करंट गाडीत मुरतोय. आपोआप १२.३ वर आला तर एखादा सेल गेला आहे. तेव्हा पुढचं काही मोजण्याआधी बॅटरी बदला, नाहीतर सगळे आकडे फसवतील.

ही दोन दिवसांची वाट बघायला कोणालाच नको असते. पण ती टाळून थेट फ्यूज उपटायला बसलं की चांगल्या वायरिंगमध्ये दोष शोधण्यात आठवडा जातो.

गळती मोजताना गाडी झोपली पाहिजे

अमीटर जोडल्याबरोबर जो आकडा दिसतो तो खरा नसतो. दार उघडलं, बोनेट उघडलं की गाडीचे मोड्यूल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रण डबे) जागे होतात आणि काही अँपियर खातात. ते शांत व्हायला वीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात, नव्या गाड्यांत त्याहूनही जास्त. म्हणून आधी तयारी करा:

१. मोजायला लागणारी सगळी दारं, डिकी आणि बोनेट उघडा. प्रत्येक दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने आतल्या बाजूला ढकलून ‘बंद’ अवस्थेत आणा, म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते मिटलेलं वाटतं. गस्तीच्या बऱ्याच गाड्यांत दार उघडल्यावर आतला दिवा लागतच नाही, मुद्दाम तशी मागणी असते. त्यामुळे दिवा लागत नाही म्हणून सर्किट झोपलंय असं समजू नका. नंतर दारं लावण्याआधी हँडल ओढून कुलपं मोकळी करायला विसरू नका.

२. डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये खोचलेलं ट्रॅकर किंवा ब्लूटूथचं खेळणं काढून ठेवा. मोड्यूल जागे ठेवायला ते एकटं पुरतं. (ते काढल्यावर गळती गेलीच, तर शोध तिथेच संपला.)

३. रिमोट किल्ली गाडीपासून लांब ठेवा.

मोजायला डीसी क्लॅम्प मीटर सगळ्यात सोयीचं. १० मिलिअँपियरपर्यंत दाखवणारं हवं. नुसतं एसी मोजणारं इथे निरुपयोगी. बॅटरीच्या ऋण केबलपाशी, पण केबलबाहेर, मीटर शून्य करा आणि जबडा त्याच दिशेला ठेवून केबलवर लावा. दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकत्वानेही दहा-वीस मिलिअँपियरचा फरक पडतो. ऋण टर्मिनलवर दोन-तीन केबल असतील तर सगळ्या एकत्र जबड्यात आल्या पाहिजेत. गस्तीच्या गाडीत हमखास एक जादा काळी तार असते, सामान बसवणाऱ्याने थेट बॅटरीवर आणलेली, आणि चोर नेमका तिच्यावर असतो.

क्लॅम्प नसेल तर मल्टिमीटर १० अँपियरच्या सॉकेटवर लावून ऋण केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये जोडा. पण जोडणी तुटू देऊ नका. तुटली की सगळे मोड्यूल पुन्हा पहिल्यापासून जागे होतात, आणि कधी अडकलेला रिले सुटून दोषच नाहीसा होतो. मीटरची एक तार टर्मिनलच्या शिशाच्या खांबाला आणि दुसरी केबलच्या क्लॅम्पला चिमट्याने लावा, मगच क्लॅम्प सैल करून हळूच वर उचला. मीटर जोडलेलं असताना किल्ली फिरवायची नाही, सायरन वाजवायचा नाही, वायरलेसचं बटण दाबायचं नाही. मीटरचा फ्यूज तत्काळ जाईल.

पाऊण तासानंतर ५० मिलिअँपियर किंवा कमी दिसले तर गाडी निर्दोष आहे. जास्त असतील तर पुढे चला.

फ्यूज उपटू नका, त्यांच्यावरचा व्होल्टेज मोजा

एकेक फ्यूज काढून आकडा कधी पडतो ते बघणं ही जुनी पद्धत साध्या गाड्यांना ठीक होती. इथे फ्यूज काढून परत घातला की त्यावरचं मोड्यूल जागं होतं आणि पुन्हा पाऊण तास जातो. त्याऐवजी प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर मल्टिमीटरची टोकं टेकवा आणि मिलिव्होल्ट वाचा. फ्यूजला थोडा रोध असतोच. करंट वाहत असेल तर तिथे व्होल्टेज दिसतो. साधारण आकाराच्या पात्याच्या फ्यूजसाठी हे आकडे जवळपास चालतात:

१० अँपियरच्या लाल फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे १३० मिलिअँपियर.
२० अँपियरच्या पिवळ्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ३०० मिलिअँपियर.
३० अँपियरच्या हिरव्यावर सुमारे ५००.

०.० दिसला तर पुढचा फ्यूज. यासाठी ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारं मीटर हवं.

आता खरी अडचण. गाडीच्या स्वतःच्या फ्यूज पेट्या बघून झाल्या तरी काम संपत नाही, कारण पोलिसी सामान त्यांवर नसतंच. त्याची जाड लाल तार बॅटरीवरून निघते, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) किंवा गालिच्याखालून डिकीत जाते, आणि तिथल्या पाटीवर वेगळा फ्यूज ब्लॉक असतो. दुसरा ब्लॉक बहुतेकदा पुढच्या दोन सीटांमधल्या कन्सोलच्या पोटात असतो. तिसरा असलाच तर ग्लव्हबॉक्सच्या मागे. बॅटरीच्या धन टर्मिनलवरून निघणारी प्रत्येक तार बोटाने धरून शेवटपर्यंत जा, आणि वाटेत सापडलेल्या प्रत्येक ब्लॉकचं कागदावर चित्र काढा. कंटाळवाणं आहे, पण हे चित्रच पुढची सगळी वर्षं उपयोगी पडतं.

कोण किती खातं

वायरलेस सेट. गाडीत बसवायच्या सेटला तीन तारा असतात: बॅटरीची लाल, अर्थची काळी, आणि इग्निशन सेन्सची बारीक तार. तिसरी तार सेटला सांगते की किल्ली बंद झाली, आता तूही बंद हो. ही तार जोडलीच नसेल किंवा सोपं म्हणून लालबरोबर एकत्र पिळलेली असेल, तर सेट रात्रभर ऐकत बसतो: नुसत्या स्टँडबायला अर्धा ते पाऊण अँपियर. ५० वॉटचा सेट बोलताना अकरा ते पंधरा अँपियर घेतो, पण बॅटरी त्याने बसत नाही, स्टँडबायने बसते. ज्या गाड्यांत पुढे फक्त कंट्रोल हेड (बटणं आणि पडद्याचा भाग) आणि मुख्य सेट डिकीत असतो, तिथे हेडचा पडदा काळा दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. सकाळी, गाडी चालू करण्याआधी, डिकीतल्या सेटच्या ॲल्युमिनियमच्या पंखांवर तळहात ठेवा. आजूबाजूचा पत्रा गार आणि पंख कोमट लागले, तर मीटर लावायचीही गरज नाही.

सेल्युलर मोडेम आणि कॅमेऱ्याचा रेकॉर्डर. दोघांनाही किल्ली बंद झाल्यावर काही वेळ जागं राहायचं असतं, फाइल पाठवायला. ही मुदत सेटिंगमध्ये असते. कोणीतरी ती तासांमध्ये वाढवून ठेवलेली असते, किंवा ॲंटेना निखळल्याने नेटवर्क सापडत नाही आणि उपकरण शोधत राहतं. आधी मुदत बघा, मग ॲंटेनाची जोडणी.

लॅपटॉपचा स्टँड. लॅपटॉप नसला तरी त्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर थोडा करंट घेतोच. लॅपटॉप अडकवलेला असेल तर ९० वॉटच्या हिशेबाने सात-साडेसात अँपियरपर्यंत. हा अडॅप्टर थेट लाइनवर असता कामा नये.

सायरनचा ॲम्प्लिफायर आणि लाइटबारचं नियंत्रण. १०० वॉटचा सायरन वाजताना आठ-दहा अँपियर घेतो, गप्प असताना फारच थोडे. पण त्याचं मुख्य बटण चालू राहिलं तर तो ‘थोडा’ करंट रात्रभर जातो. एलईडी लाइटबारमधल्या कंट्रोल बोर्डाचंही तसंच. तपासणीसाठी दिवे लावायचे ते बंद आवारात, झाकून. खासगी मालकाने लाल-निळे दिवे सार्वजनिक रस्त्यावर चमकावण्यावर अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे आहेत, आणि ते असणं योग्यच आहे.

बंदुकीच्या कुलपाचा टाइमर. बटण दाबलं की सोलेनॉइड (वीज दिली की दांडा ओढणारी कॉइल) आठ-दहा सेकंद ओढला जातो, एवढ्याचसाठी तो बनवलेला असतो. कन्सोलखाली लपवलेलं बटण सांडलेल्या कॉफीने चिकटलं की टाइमर पुन्हा पुन्हा चालू होतो, बॅटरी तर जातेच, कॉइलही जळते. कुलूप काढून टाकलेल्या गाडीत टाइमर आणि बटण मात्र बऱ्याचदा राहिलेलं असतं.

मोठा सोलेनॉइड. सगळ्या सामानाला एकदम बंद-चालू करायला बोनेटखाली डब्यासारखा सोलेनॉइड, म्हणजे मोठा रिलेच, बसवतात. दिसायला सारखे पण दोन प्रकार आहेत: स्टार्टरचा, काही सेकंदांसाठी; आणि सतत चालणारा. स्टार्टरचा बसवला तर तो तापून जळतो. सतत चालणारा बसवला तरी त्याची कॉइल स्वतः पाऊण ते एक अँपियर घेते, म्हणून तिची लाइन किल्लीनंतरचीच हवी. साध्या ४० अँपियरच्या रिलेची कॉइल दीडशे मिलिअँपियरच्या आसपास घेते. दिवसाला साडेतीन अँपियर-तास, नुसता ओढून धरायला.

रिलेचे संपर्क चिकटणं वेगळं. एकदा शॉर्ट झाला किंवा जुन्या हॅलोजन दिव्यांचा सुरुवातीचा झटका वर्षानुवर्षं बसला की संपर्क वितळून जुळतात. रिले काढा आणि ३० व ८७ या पिनांमध्ये रोध मोजा. कॉइलला वीज नसताना तिथे काहीही जोडलेलं दिसता कामा नये. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर रिले सुटला म्हणून तो परत वापरू नका.

किल्ली बंद, तरी इग्निशनची लाइन जिवंत

हा दोष सगळ्यात जास्त छळतो, म्हणून थोडं सविस्तर. सगळ्या इग्निशन सेन्स तारा बरोबर जोडलेल्या आहेत, टाइमर नवा आहे, तरी सामान बंद होत नाही. कारण एखादं उपकरण मागच्या दाराने त्या लाइनला वीज पुरवतं.

समजा वायरलेसची आणि रेकॉर्डरची सेन्स तार एकाच किल्लीनंतरच्या फ्यूजवर एकत्र जोडली आहे. त्याच जोडावर कोणीतरी एक प्रकाशणारं बटण लावलं, ज्याची दुसरी बाजू थेट बॅटरीच्या लाइनवर आहे. किल्ली बंद केल्यावर त्या बटणातल्या छोट्या दिव्यातून बॅटरीचा करंट उलटा सेन्स लाइनवर येतो. सेन्सच्या तारेला काही मिलिअँपियरच पुरतात, त्यामुळे एवढ्याशा करंटवर वायरलेस आणि रेकॉर्डर दोघांनाही वाटतं की किल्ली चालूच आहे. हेडलाइट आलटून-पालटून चमकवणारा फ्लॅशर चुकीचा जोडला तरी असाच उलटा करंट येतो.

ओळखायचं असं: किल्ली बंद, अर्धा तास गेलेला, आता सेन्सच्या तारेवर मल्टिमीटरने व्होल्ट बघा. शून्य हवेत. चार, सात, नऊ असा अधलामधला आकडा दिसला की समजा उलटा करंट आहे. पूर्ण १२ दिसले तर ती लाइन मुळात किल्लीनंतरची नाहीच. एक सावधगिरी: रेडिओ आणि खिडक्यांची काही सर्किटं किल्ली काढल्यावरही दार उघडेपर्यंत किंवा काही मिनिटं जिवंत राहतात. सेन्सची तार तिथे जोडली आणि त्या सर्किटाने वेळेवर मान टाकली नाही, तर सामानही जागंच राहतं.

उपाय स्वस्त आहे. प्रत्येक उपकरणाच्या सेन्स तारेत, आणि त्या जोडावर आलेल्या बटणाच्या तारेतही, स्वतंत्र डायोड घाला. १एन४००७ सेन्ससाठी भरपूर होतो. पट्ट्याची बाजू उपकरणाकडे किंवा बटणाकडे. म्हणजे करंट किल्लीकडून तिकडे जाईल, उलट येणार नाही. डायोडवर सुमारे ०.७ व्होल्ट पडतात, सेन्सला त्याने फरक पडत नाही. डायोडवर उष्णतेने बसणारी नळी चढवा, नुसता टेप नको. कन्सोलमध्ये उन्हाळ्यात टेपचा चीक पातळ होऊन टेप सुटतो.

काढून टाकलेल्या सामानाच्या तारा

लिलावाआधी सामान काढणारा माणूस घाईत असतो. पक्कडीने तारा कापतो, टोकाला टेप गुंडाळतो, कन्सोलखाली कोंबतो. यातली जाड लाल तार अजून बॅटरीवर जिवंत असते. सीट मागे-पुढे करताना ती रुळाखाली चिरडली की सुरुवातीला पूर्ण शॉर्ट होत नाही, ओलसर काजळीतून थोडा थोडा करंट गळतो. असल्या तारेला टोकाशी नवा टेप लावणं हा उपाय नाही. ती सुरुवातीपाशी, बॅटरीजवळच्या फ्यूजवरच सोडा, आणि जमलं तर पूर्ण ओढून काढा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. त्यांना मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

पाणी बघा. छतावर ॲंटेनासाठी पाडलेली भोकं साधारण १९ मिलिमीटरची असतात. ॲंटेना काढल्यावर त्यात रबरी बूच बसवलेलं असेल तर ते उन्हाने चिरतं, पाणी केबलच्या अंगावरून ओघळत खांबातून डिकीत उतरतं आणि थेट फ्यूज ब्लॉकवर ठिबकतं. लाइटबारच्या केबलचं भोकही तसंच. ब्लॉकवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर ती पुसून भागत नाही. तारेच्या आवरणाखाली तांबं किती लांब काळं पडलंय ते सोलून बघा आणि चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत मागे या. मग भोकाला धातूचं झाकण, रबरी वायसरसकट.

फ्यूजवर काहीच सापडलं नाही तर आल्टरनेटर

आल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर. त्याची जाड तार सामानाच्या फ्यूज ब्लॉकवरून जात नाही, म्हणून वरच्या शोधात तो निसटतो. त्यातला एक डायोड गळका झाला की गाडी बंद असताना बॅटरीचा करंट आल्टरनेटरच्या वेढ्यांतून जातो. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, सात-आठ तासांनी, आल्टरनेटरला हात लावा; इंजिन गार आणि तो कोमट असेल तर कारण सापडलं. खात्रीसाठी आधी बॅटरीचं ऋण टर्मिनल सोडा, आल्टरनेटरची मागची जाड तार काढून टोक नीट झाका, ऋण पुन्हा जोडा, गाडी झोपू द्या आणि गळती मोजा. या अवस्थेत इंजिन चालू करायचं नाही. दुसरी खूण: सगळं जोडून इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर एसी व्होल्टवर ठेवा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसला तर डायोड संशयित.

गळती नाही, तरी बॅटरी भरतच नाही

गस्तीच्या गाडीचं आयुष्य उभ्या-उभ्या इंजिन चालवण्यात जातं. आल्टरनेटरवर लिहिलेला २०० अँपियरचा आकडा जोरात फिरतानाचा असतो. गरम इंजिनाच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन हळू फिरताना) त्याच्या जवळपास निम्माच मिळतो. रात्री एका जागी उभं असताना बेरीज करा: लाइटबार १२, हेडलाइट १०, ब्लोअर १५, मागच्या काचेचा हीटर २०, लॅपटॉप ७, इंजिनाचा पंप-इग्निशन-कंप्यूटर १५, रेडिएटरचा पंखा २५. हेच शंभराच्या पुढे गेलं. उरलेला फरक बॅटरी भरून काढते. आयडलला सगळा लोड चालू ठेवून बॅटरीवर १३.५ व्होल्टच्या खाली आकडा दिसत असेल तर गळती शोधण्यात अर्थ नाही. मागच्या काचेचा हीटर आणि हॅलोजन दिवे आधी बंद करा, दिवे एलईडी करा, बेल्ट आणि त्याचा ताण बघा. २०२० मॉडेलच्या फोर्ड इंटरसेप्टर युटिलिटीच्या हायब्रिड प्रकारात इंजिन बंद ठेवून लिथियम-आयन बॅटरीवर सामान चालवायची सोय आली ती याच दुखण्यावर.

नव्या गाड्यांत आणखी एक गोम आहे. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर एक छोटा सेन्सर असतो. तो किती करंट आला-गेला ते मोजतो आणि त्यावरून गाडी चार्जिंग ठरवते. सामानाची काळी तार थेट ऋण खांबावर लावली तर तो करंट सेन्सरला चुकवून जातो. गाडीला वाटतं बॅटरी भरलेली आहे, आणि चार्जिंग कमी होतं. अशा गाडीत सामानाचा अर्थ नेहमी चॅसिसच्या अर्थ बोल्टवर. बॅटरी बदलल्यावर त्या प्रणालीला नव्या बॅटरीची नोंदही द्यावी लागते.

जोडणी पुन्हा करताना

मुख्य फ्यूज किंवा ब्रेकर बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. त्यापुढची तार जाड हवी. डिकीपर्यंत सहा मीटर आणि ६० अँपियर धरले तर २१ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत जातानाच सुमारे ०.३ व्होल्ट पडतात. ८ चौरस मिलिमीटर घेतली तर पाऊण व्होल्ट. अर्थच्या वाटेवरचा वेगळा. बारीक तारेमुळे वायरलेस बोलताना बंद पडतो आणि लोक बॅटरीला शिव्या देतात. थिंबल (तारेच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबयंत्राने दाबा, हातोडीने ठोकू नका. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) हवाच. अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून धातू उघडा करा.

सामान दोन गटांत वाटा. दिवे, सायरन, लॅपटॉप, चार्जर: किल्लीनंतरच्या मुख्य सोलेनॉइडवर. वायरलेस, मोडेम, रेकॉर्डर: टाइमरवर, ज्यात कमी व्होल्टेजला तोडायची सोयही असेल. टाइमर एक तासावर आणि तोड १२.२ व्होल्टच्या आसपास ठेवली की माणूस विसरला तरी गाडी चालू होण्याइतकी ताकद सहसा शिल्लक राहते. टाइमर न लावता नुसती कमी व्होल्टेजची तोड लावणं पुरेसं नाही: ती रोज बॅटरीला त्याच खालच्या पातळीपर्यंत नेऊन सोडते आणि सल्फेटचा प्रश्न तसाच राहतो.

सगळं झाल्यावर बॅटरी पूर्ण भरा, एक रात्र जाऊ द्या आणि आकडा लिहून ठेवा. गाडी कुलूप लावून ७२ तास उभी ठेवा, मधे दार उघडू नका. ५० मिलिअँपियरच्या हिशेबाने या काळात ३.६ अँपियर-तास जातात, म्हणजे १२.६५ चे फार तर १२.५५-१२.६ व्हावेत. १२.४ च्या खाली गेली तर दुसरा चोर आहे. जुन्या गाड्यांत दोन गळत्या एकदम असणं नेहमीचं आहे. पहिली मोठी असते म्हणून दुसरी तोवर दिसत नाही. पुन्हा क्लॅम्प लावा आणि डिकीतल्या ब्लॉकपासून सुरू करा.